बसमधला दुसरा पलंग

९ जानेवारी

आज बस काकांच्या दारात येऊन उभी राहिली. आमचीच बस, शाळेची. शाळेनं नव्या गाड्या घेतल्या आणि हिला मोडीत काढायचं ठरवलं, तर काकांनी स्वतःच घेऊन टाकली. तसे आम्ही दोघंही गेल्या वर्षीच मोडीत निघालो. ते ड्रायव्हर होते, मी बसमावशी. मुलांना चढवा, उतरवा, भांडणं सोडवा, कुणी ओकलं तर पुसा, हे सगळं माझ्याकडं. ते फक्त समोर बघायचे. मुलं त्यांना काका म्हणायची आणि मला मावशी, म्हणून आम्हीही एकमेकांना काका-मावशीच म्हणत आलो. वयानं बरोबरीचे आहोत, पण जिभेला वळण लागलं ते लागलं.

"काय करणार हिचं?" मी विचारलं.

"घर करणार. आतच झोपायचं, आतच रांधायचं आणि लांब लांब जायचं."

"डोकं फिरलंय तुमचं."

"इतकी वर्षं एकाच रस्त्यानं फिरलंय. आता दुसऱ्या रस्त्यानं फिरू दे की."

हसलो दोघंही. घरी येताना मात्र काहीतरी टोचत राहिलं. जाणार म्हणजे हे जाणारच, बोललेलं करतात. मग संध्याकाळी पाय मोकळे करायला मी कुणाच्या अंगणापर्यंत जाऊ?

दादाला सांगितलं, तर म्हणाला, "रिकामटेकडा माणूस." दादा माझा मोठा भाऊ. त्याच्या घरात मागच्या खोलीत मी राहते. माझं लग्न राहून गेलं ते गेलंच, आणि त्याचं स्वयंपाकघर माझ्या गळ्यात पडलं ते पडलंच.

१७ जानेवारी

सीट काढायचं काम. नटबोल्ट असे गंजलेत की विचारू नका. काका गाडीखाली आडवे होऊन पाना धरतात, मी आतून बोल्टचं डोकं धरते, आणि मधल्या पत्र्यातून आमची भांडणं चालतात. "धरलंत का?" "धरलंय." "मग फिरतंय कसं?" "तुम्ही उलटं फिरवताय म्हणून!"

बाकांखाली काय काय निघालं! दगड झालेली च्युइंगगम, पेन्सिलींचे तुकडे, एकच मोजा, आणि कागदात गुंडाळलेला कुणाचा तरी दुधाचा दात. टाकवेना. काकांनाही टाकवेना. शेवटी झाडाखाली पुरला, दोघांनी मिळून, एखादा खजिना पुरावा तसा.

सगळे बाक काढले, दाराजवळचा पहिला तेवढा ठेवलाय. म्हणाले, "हा राहू दे. तुमचा आहे."

"माझा कसला? मी जन्मभर उभीच होते."

"म्हणूनच."

म्हणूनच काय, ते सांगितलं नाही. या माणसाला अर्धं वाक्य बोलून पाना उचलायची खोडच आहे.

२ फेब्रुवारी

आज सुतार आला होता. दोन्ही बाजूंना दोन पलंग, मधून जायला वाट, मागच्या दाराशी शेगडी आणि छोटं मोरीसारखं काहीतरी. दोन पलंग म्हटल्यावर मी चमकले. एकटे जाणार असं मी धरून चालले होते.

"दुसरा कुणाला?" मी अगदी सहज विचारलं. सहज म्हणजे काय, हातातलं फडकं उगाच दोनदा घडी केलं.

"असेल की कुणीतरी बरोबर," म्हणाले आणि सुताराशी बिजागऱ्यांबद्दल बोलायला लागले.

बहीण असणार. त्यांना एक बहीण आहे, दुसऱ्या गावी असते. बायको जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी लांब आणि तिच्या संसारात. बहिणीशिवाय कोण आहे त्यांना?

मग म्हणतात, "मावशी, जरा आडव्या होऊन बघा. लांबीचा अंदाज येईल." आता बहिणीच्या पलंगासाठी माझी मापं! पण झाले आडवी. सुतारानं डोक्याशी आणि पायाशी खडूनं रेघ मारली. उशी कुठं असावी म्हणून विचारलं, तर मी म्हटलं, मला बाई खिडकीकडं डोकं लागतं, उजेड तोंडावर आला की जाग येते. काकांनी तसंच करायला सांगितलं. माझ्या बोलण्यावरून त्यांच्या बहिणीला खिडकी मिळणार. नशीब एकेकीचं!

११ फेब्रुवारी

वरच्या फळ्या माझा हात पोचेल इतक्या उंचीवर ठोकल्या. मी म्हटलं, "अहो, बहिणीची उंची तरी विचारून घ्या." ते माझ्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले, "बहिणीची?" आणि खिळे शोधायला गेले. खिळे त्यांच्या हातातच होते.

२० फेब्रुवारी

शाळेच्या बसचा पिवळा रंग खाजगी गाडीला चालत नाही, तो घालवावाच लागतो. "कुठला द्यायचा?" म्हणून विचारत होते. मी भांडी पुसता पुसता म्हटलं, "पारवा." का म्हटलं कुणास ठाऊक. लहानपणी मला त्या रंगाचा एक फ्रॉक हवा होता, तो कधी मिळाला नाही. रंगारी म्हणाला, "मळकट दिसेल हो." काका म्हणाले, "पारवाच."

पडदे मी शिवते म्हणून सांगितलंय. कापड आणलं, खिडक्या मोजल्या. शिवताना मनात येतं, या पडद्याआडून कुठले कुठले डोंगर दिसतील, नद्या दिसतील, आणि बघणारी ती. मी कधी तिला पाहिलेलंही नाही आणि मला तिचा राग येतो. वेडीच आहे मी.

१ मार्च

पाहिलं तिला. बहीणबाई आल्या होत्या. बसमध्ये चढल्या आणि दोन मिनिटांत तोंडावर पदर धरून उतरल्या. "मला गाडी लागते हो, नुसती बघितली तरी मळमळतं. रिक्षात बसवत नाही मला." म्हणजे ही नाही जाणार! मला इतकं बरं वाटलं की मी पळत जाऊन त्यांना पाणी आणून दिलं.

पण बाई भोचक आहे. मला नखशिखान्त न्याहाळलं, पडद्याची शिलाई उलटी करून बघितली आणि काय वाट्टेल ते विचारायला लागली. थंडी सोसते का? झोप हलकी आहे का? भावाच्या घरी किती जण? मी पटापटा उत्तरं दिली. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणते, "आमचा हा घुमा आहे. तुम्हीच सांभाळून घ्या." मी काय सांभाळणार? आता बसच नाही तर माझा आणि त्यांचा संबंध तरी काय उरला.

मग दुसरा पलंग कुणासाठी, हा प्रश्न आहेच. कुणी जुना मित्र असेल.

१२ मार्च

आज गाडी चालवून बघायची होती, आतलं सामान टिकतंय का ते बघायला. मला म्हणाले, चला. सवयीनं मी दाराशी पाठमोरी उभी राहिले, रस्त्याकडं पाठ आणि रिकाम्या गाडीकडं तोंड. दार लावून पत्र्यावर दोनदा थाप मारली. तेव्हाच गाडी हलली. माझी थाप पडल्याशिवाय काकांनी कधी गाडी हलवलेली नाही, आणि आजही नाही. बरं, पुढं जाऊन जुन्या थांब्यावर गाडी उभी! दोघंही वाट बघतोय. चढायला कुणी नाही. मग एकदम लक्षात आलं आणि असे हसलो की काकांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"आता बसा तुमच्या बाकावर," म्हणाले. बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी तो रस्ता समोरून येताना पाहिला. आत्तापर्यंत मागं जाणारी घरंच दिसायची. पुढून येणारी झाडं बघताना गरगरलं थोडं, पण नजर काढवेना.

शेवटचा थांबा गेला. तिथून आम्ही नेहमी वळायचो. आज काकांनी वळवली नाही. पुढं रस्ता उतरत उतरत जातो, दोन्ही बाजूंना मोकळं रान आहे आणि लांब एक तळं आहे. इतकी वर्षं ते तिथंच होतं आणि मला पत्ता नाही. फळीवरचा डबा गडगडत आला, कुणी उचलला नाही.

"अजून थोडं जाऊ?" त्यांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "परत फिरा. दादाच्या जेवणाची वेळ झाली."

फिरवली गाडी. घरी येऊन दादाला वाढलं. तो म्हणाला, मीठ कमी आहे. मला कुकरच उचलून आपटावासा वाटला. जाऊ म्हटलं असतं तर काय झालं असतं? एक दिवस दादा उशिरा जेवला असता. मला जायचं होतं. तळ्यापर्यंत, तळ्याच्या पुढं, जिथवर डिझेल पुरेल तिथवर जायचं होतं. इथं लिहिते, कुणाला दाखवायचं नाही म्हणून.

१९ मार्च

काका घरी आले होते. इस्त्रीचा शर्ट, केस विंचरलेले, जणू शाळेचं स्नेहसंमेलन आहे! दादाशी काहीतरी बोलायचं म्हणाले. मी चहा टाकायला आत गेले. नेमका वहिनीनं मिक्सर लावला, कशाला लावला देव जाणे, भांड्यात पाणीच होतं. चहा घेऊन बाहेर आले तर हे दारात, चपला घालताहेत.

"चहा?"

"नको," म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

दादाला विचारलं, काय काम होतं? तो म्हणाला, "गाडीच्या कागदपत्रांचं." दादाला गाडीच्या कागदांतलं काय कळतं? जाऊ दे.

२५ मार्च

वहिनीला काय झालंय कळत नाही. "वन्सं, तुम्ही बसा, मी भांडी घासते." "वन्सं, पाय दुखतात का?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नाही. आणि दादानं तर कमालच केली. माझ्या खोलीची खिडकी, जी लागतच नव्हती, ती दुरुस्त करून घेतली आणि खोलीला रंग द्यायचा म्हणतोय. माणसं वयाबरोबर मऊ होतात, हे खरं असावं. आपणच मेले मनात अढी धरून बसतो. मला भरून आलं. दादाला म्हटलं, किती करतोस माझ्यासाठी. तो उठून बाहेरच गेला. लाजला असेल.

२ एप्रिल

पडदे घेऊन गेले होते. काका दारातच उभे, आत या म्हणाले नाहीत. "पडदे राहू द्यात आता. गरज नाही." मी म्हटलं, "अहो, मापानं शिवलेत, दुसऱ्या कुठल्या खिडकीला लागणार आहेत?" तर म्हणाले, "तुम्हाला खूप त्रास दिला, मावशी. चुकलं माझं. पुन्हा विषय काढणार नाही."

कसला विषय? पडद्यांचा? रंग आवडला नसेल तर सरळ सांगावं. की त्या दिवशी परत फिरा म्हटलं त्याचा राग आला? मी काही मुद्दाम म्हटलं नव्हतं. इतका कसला मान! मीही फणकाऱ्यानं निघून आले. वाटेत रडू आलं ते धुळीनं नाही.

१० एप्रिल

गेले. दादा मला खोलीचा रंग निवडायला म्हणून दुकानात घेऊन गेला होता. परत येताना बघितलं, तर अंगण मोकळं. जिथं बस उभी होती तिथं तेलाचा एक काळा डाग आणि चौकोनी वाळलेलं गवत. शेजारचा वेल्डर म्हणाला, "अर्धा तास थांबले होते, मावशी. तुमच्या घराकडं बघत होते. मग गेले."

निदान 'या' म्हणायला तरी संधी द्यायची. इतकी वर्षं रोज माझ्या थापेशिवाय हलले नाहीत आणि आज असेच कसे गेले?

जेवण नाही गेलं.

१५ एप्रिल

खोलीला रंग लागलाय. छान दिसते. मला त्यात गुदमरायला होतं. फोनवर त्यांचा नंबर "बस" म्हणून ठेवलाय. काढते, बघते, ठेवते. काय म्हणून करू फोन? पोचलात का विचारू? पोचायचं कुठं होतं त्यांना तेही ठाऊक नाही.

१९ एप्रिल

आज सगळं कळलं. लिहितेच.

सकाळी म्हटलं, पडदे नुसते पडून आहेत, कापून स्वयंपाकघरात पुसायला तरी घेऊ. एक कापला. दुसऱ्याला कात्री लावली तर वहिनीनं हातच धरला. "वन्सं, नका ना कापू."

"का? कुणाला हवेत?"

ती मटकन खालीच बसली. "ते तुम्हाला मागायला आले होते. त्या दिवशी, इस्त्रीच्या शर्टात. यांनी सांगितलं, तिची इच्छा नाही, तिनंच मला तसं सांगितलंय, आणि पुन्हा विषय काढून तिला लाजवू नका. मी मिक्सर लावला. मला झोप लागत नाही हो तेव्हापासून."

दुसरा पलंग. फळ्या. खिडकीकडं डोकं. बहीणबाईंची ती चौकशी. मी किती मठ्ठ असावं! शेंबड्या पोरालासुद्धा कळलं असतं.

दादा पेपर वाचत होता. पेपर ओढून घेतला. "मी कधी सांगितलं तुला माझी इच्छा नाही म्हणून?"

"या वयात लोक हसतील," म्हणाला.

"हसू देत! आणि वय झालं म्हणजे काय, जीव सुकतो का?"

मला वाटलं आता ओरडेल. ओरडला नाही. खाली बघत म्हणाला, "तू गेलीस तर या घरात आम्ही दोघं काय करू? आम्हाला एकमेकांशी बोलायचीसुद्धा सवय राहिली नाही. जे काही बोलतो, ते तुझ्याशीच."

माझा दादा, मला सायकल शिकवणारा, किती म्हातारा दिसला. क्षणभर वाटलं, राहावं. लपवत नाही, खरंच वाटलं. त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "दादा, मी कायमची मरायला चालले नाही. येईन, जाईन. पण मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू का दिलंस?" पेपर त्यानं परत मागितला नाही.

मग फोन लावला.

"मावशी?" आवाज असा, जणू कुणी विहिरीत पडलंय.

"कुठं आहात?"

"एका पेट्रोल पंपावर. डिझेल भरतोय." गावाचं नाव सांगितलं. इथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

"इतक्या दिवसांत एवढंच गेलात?"

"जिवावर येतंय पुढं जायला."

माझा राग अर्धा तिथंच विरघळला, पण तसं दाखवलं नाही. "दादाला काय विचारलंत ते कळलं मला. मला का नाही विचारलं? अख्खी नोकरी माझ्याकडं पाठ करून काढलीत, एकदा मान वळवून विचारता येत नव्हतं?"

"मावशी, मोठ्यांना आधी विचारायची रीत…"

"मी तुमची मावशी नाही!" हे इतक्या जोरात, की वहिनी आतून धावत आली.

मग हळूच, "मग काय म्हणू?"

"ते तिथं बसून ठरवा. आणि फोनवर काही विचारायचं नाही. मी येते, तोंडावर विचारा. तोवर गाडी एक फूट जरी पुढं सरकली तर याद राखा."

वहिनीनं माझी बॅग भरली. न कापलेले पडदेही तिनंच घडी करून ठेवले.

२० एप्रिल

पहिल्या गाडीनं निघाले. दादा थांब्यापर्यंत बॅग घेऊन आला. खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "फोन करत जा. मला मिठाचा अंदाज येत नाही."

उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. बस लांबूनच दिसली, पारवा रंग, आणि रंगारी म्हणाला तसा मुळीच मळकट नाही. उभी होती ती डिझेलच्या नळाला चिकटून, ऐन वाटेत, तळपत्या उन्हात. तिला वळसा घालून एक ट्रक कसाबसा चालला होता.

पंपवाला धावतच आला. "तुम्हीच का त्या? बाई, समजवा यांना! कालपासून सांगतोय, मागं एवढी जागा आहे, झाडाची सावली आहे, गाडी तिकडं घ्या. ऐकतच नाहीत. म्हणतात, एक फूटसुद्धा सरकायचं नाही असा हुकूम आहे!"

मला हसू आणि रडू एकदमच आलं, तिथंच, परक्या माणसासमोर.

काका पायरीवर बसले होते, घामाघूम. मला बघून उठले. शर्ट सारखा केला. इतक्या वर्षांत आम्ही समोरासमोर असे कधी उभेच राहिलो नव्हतो. त्यांच्या भुवईत एक पांढरा केस आहे, तो मला आजवर ठाऊक नव्हता.

"माझ्याबरोबर येणार का?" त्यांनी विचारलं. पूर्ण वाक्य, शेवटपर्यंत.

मी म्हटलं, "आधी ही गाडी बाजूला घ्या. पंपवाल्याला फेफरं येईल. मग सांगते."

अजून सांगितलेलं नाही. अक्षर वेडंवाकडं येतंय, कारण रस्ता खराब आहे आणि ते गाडी जोरात हाकताहेत.